तिथी पाहून समुद्राकडे: वाशिमहून रायगड किनाऱ्याची छोटी सहल

वाशिम जिल्हा गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजकावर वसलेला असल्याने, येथील पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांतून बंगालच्या उपसागराला मिळते, तर याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेमार्गे तापीत व अखेर अरबी समुद्रात जाते. माणसांचा आणि मालाचा ओढा मात्र बराच काळ पश्चिमेकडे राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारंजा भागातला कापूस ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॅरोगेज रेल्वेने मूर्तिजापूरला पोहोचे आणि तेथून मुंबई बंदराकडे जाई. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मालेगाव किंवा शेलू बाजारजवळ या मार्गाला लागलेली मित्रमंडळींची गाडी थेट भिवंडीच्या वेशीपर्यंत येऊ शकते. ज्यांना रात्र झोपून काढायची असते ते अकोल्याहून रेल्वेने निघतात.

अशा तीन-चार दिवसांच्या सहलीत अलिबागपासून मालवणपर्यंतचा सगळा किनारा ‘उरकण्याचा’ मोह बहुतेकांना होतो आणि तो टाळलेलाच बरा, कारण खाड्यांमुळे किनाऱ्याचा रस्ता वारंवार आत वळतो आणि दिवस गाडीतच सरतो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड आणि हरिहरेश्वर एवढीच ठिकाणे धरली, तर प्रश्न उरतो तो पाण्याच्या वेळेचा. विहीर, नदी आणि एकबुर्जी धरण एवढ्यावरच ज्यांची पाण्याशी ओळख झालेली असते, त्यांना रोज दोनदा चढणारे व दोनदा उतरणारे पाणी नवे असते, आणि या सहलीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा त्याच पाण्यावर बेतावे लागते.

कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे: पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच पाऊण म्हणजे पावणेचार वाजता भरती, आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास, ओहोटी. चंद्रामुळे ही वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते, त्यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, ती भांगाची भरती होय. ठोकताळा तो ठोकताळाच, म्हणून छापील भरती-ओहोटीचे तक्ते पाहणे आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारणे हे दोन्ही करावे.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे या गणिताचे उत्तम उदाहरण. शिवाजी महाराजांनी 1680 च्या सुमारास बांधावयास घेतलेल्या व पुढे कान्होजी आंग्रे यांचे ठाणे झालेल्या या किल्ल्यापर्यंत ओहोटीत खडकांवरून चालत जाता येते, नाहीतर घोडागाडी करावी लागते. भरतीत चालण्याची वाट राहत नाही. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, 1759 मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि समुद्राकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, ज्यांच्या गाड्यांवर 1849 हे साल व यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव वाचता येते. एवढे निवांत पाहायचे तर पाणी उतरत असतानाच निघावे, पूर्ण ओहोटी झाल्यावर नव्हे.

मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना कधीच घेता आला नाही. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, हे सुट्ट्यांचा हिशेब करणाऱ्यांनी विसरू नये. याच मुरूडच्या समुद्रात 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावरही ओढ असते, आणि धरणात पोहण्याचा सराव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

पुढे आगरदांड्याहून दिघीला गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडता येते, त्यामुळे मोठा वळसा वाचतो, आणि दिवेआगर, श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर गाठता येते. तेथील प्रदक्षिणेचा मार्ग लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जातो व भरतीत पाण्याखाली येतो. पंचमीला अलिबागला पोहोचलेली मंडळी सप्तमीला येथे आली, तर त्यांना सकाळी अकराच्या आसपासची ओहोटी मिळते, आणि दुपारी जेवण उरकून येणाऱ्यांना देवदर्शनावरच समाधान मानावे लागते.