पाठीमागे कुणीतरी

अल्जर्नन ब्लॅकवूडच्या ‘द विलोज’ (१९०७) या कथेत अंगावर धावून येणारं भूत नाही. दोघे मित्र होडीतून डॅन्यूब नदी उतरतात, पुराच्या पाण्यातल्या एका वाळूच्या बेटावर तंबू ठोकतात. सगळीकडे विलोची झुडपं आणि वारा. सकाळी एक वल्हं नाहीसं झालेलं. आणि इथे आपल्याशिवाय कुणीतरी आहे, ही खात्री. हडळीला निदान उलटे पाय तरी असतात. ह्या ‘कुणीतरी’ला काहीच नाही, म्हणून ते जास्त छळतं.

हे ‘कुणीतरी’ लेखकाच्या डोक्यातूनच निघालं असं मात्र नाही. १९१६ मध्ये ध्रुवप्रदेशाचा शोधक शॅकल्टन आणि त्याचे दोन साथीदार दक्षिण जॉर्जिया बेटावरचे बर्फाळ डोंगर ओलांडत होते. आपण तिघं नसून चौघं आहोत, असं त्याला वाटत राहिलं. १९३३ साली गिर्यारोहक फ्रँक स्माइथ एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या आसपास एकटाच होता, तोही कृत्रिम प्राणवायूविना. थांबून त्यानं खिशातली पेपरमिंटची वडी मोडली आणि अर्धी सोबत्याला द्यायला मागे वळला! गंमत म्हणजे त्याला भीती वाटली नाही, उलट आधारच वाटला.

२००६ मध्ये स्वित्झर्लंडमधले मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाला ह्याचा एक धागा सापडला. अपस्माराच्या तपासणीत त्यांनी एका तरुणीच्या मेंदूला डाव्या कानामागच्या भागात सौम्य वीजप्रवाह दिला. तिला पाठीमागे कुणी सावलीसारखं जाणवू लागलं. ती आडवी झाली की ते आडवं होई, बसली की बसे. तिनं गुडघ्यांना मिठी मारली, तेव्हा त्यानं तिला मागून कवटाळलं. मेंदूच्या ह्या भागात नजर, तोल, स्पर्श यांच्या खबरा जुळून ‘मी इथे आहे’ हे ठरतं. जुळणी बिघडली की आपलंच शरीर परकं होऊन शेजारी उभं राहतं. विरळ हवा, थकवा आणि दिवसच्या दिवस तोच पांढरा देखावा ही जुळणी ढिली करत असावीत, असा तर्क आहे.

२०१४ मध्ये ह्याच गटानं धडधाकट माणसांचे डोळे बांधले. हातानं पुढे टोचायचं, की यंत्र त्यांच्या पाठीला तसंच टोचणार. टोचणी अर्धा सेकंद उशिरा येऊ लागली, तसं काहींना मागे माणूस उभा असल्याचं जाणवलं. दोघांनी तर प्रयोग थांबवायला सांगितलं.