घरगुती पीसीबी निर्मिती : धारणीसारख्या दुर्गम तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

अमरावती जिल्ह्यातील धारणी हे मेळघाटातील तालुक्याचे ठिकाण आहे. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाटरस्ता पार करून जिल्ह्याच्या मुख्यालयाशी त्याचा संबंध येतो, तर पश्चिमेकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर व खंडवा या बाजारपेठा आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील काही गावांना तारेची वीज दीर्घकाळ मिळू शकली नाही. तेथे सौरदिवे, बॅटऱ्या आणि त्यांची लहानमोठी नियंत्रक उपकरणे हाच प्रकाशाचा आधार राहिला. अशा उपकरणातील एखादी पाटी जळाली की दिवा बंद पडतो आणि नवी पाटी मिळेपर्यंत तो बंदच राहतो. बिघाड पुष्कळदा काही रुपयांच्या सुट्या भागाचा असतो, परंतु ते भाग ज्या पाटीवर बसवायचे ती पाटीच उपलब्ध नसते. म्हणून मुद्रित परिपथ फलक, म्हणजेच रूढ भाषेत पीसीबी, घरच्या घरी तयार करता येणे ही धारणीसारख्या ठिकाणी केवळ छंदाची बाब राहत नाही. प्रस्तुत लेखात या निर्मितीची पद्धत, तिच्यामागील शास्त्र आणि तिच्यातील धोके यांचा विचार केला आहे.

पीसीबीचे स्वरूप :

विद्युतरोधक पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चिकटवलेला असतो. त्यातील नको असलेले तांबे काढून टाकल्यावर जे पट्टे उरतात तेच तारांचे काम करतात. मूर्तिकार दगडातील नको तो भाग काढतो, तसाच हा प्रकार आहे. या कल्पनेला व्यावहारिक रूप देण्याचे श्रेय सामान्यतः व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याला दिले जाते. १९३६ मध्ये लंडनला आल्यानंतर त्याने मुद्रित परिपथ वापरून रेडिओ संच तयार केला. त्यापूर्वी रेडिओतील प्रत्येक जोडणी सुट्या तारेने हाताने करावी लागे.

बाजारात दोन प्रकारच्या पाट्या मिळतात. तपकिरी रंगाची, कागद व फिनॉलिक राळेपासून केलेली पाटी स्वस्त असून सहज कापता येते, पण दमट हवेत ती ओलावा धरते. फिकट हिरवट रंगाची ग्लास एपॉक्सी पाटी मजबूत व टिकाऊ असते, मात्र ती कापताना काचतंतूंची धूळ उडते. मेळघाटातील पावसाळा लक्षात घेता कायमस्वरूपी उपकरणासाठी ग्लास एपॉक्सी आणि सरावासाठी फिनॉलिक, अशी निवड योग्य ठरते. दोहोंवरील तांब्याच्या थराची जाडी सामान्यतः ३५ मायक्रॉन असते.

पाबळचे उदाहरण :

ग्रामीण महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सची पाटी गावातच तयार होऊ शकते, हे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाने दाखवून दिले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या संस्थेची स्थापना केली. हाताने काम करता करता शिकणे हे तिचे सूत्र होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅब या उपक्रमातील, त्या संस्थेबाहेरची पहिली प्रयोगशाळा २००२ मध्ये पाबळलाच सुरू झाली. फॅब लॅबच्या साधनसामग्रीत एक लहान मिलिंग यंत्र असते. संगणकाच्या आज्ञेनुसार ते बारीक पात्याने तांबे खरवडते. या पद्धतीत रसायन लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. परंतु असे यंत्र प्रत्येक तालुक्यात असणे शक्य नाही. धारणीतील हौशी कारागिराला इस्त्री, झेरॉक्सचे दुकान आणि प्लॅस्टिकचे घमेले यांवरच भागवावे लागते, आणि त्यावर चांगले भागते असे अनुभवास येते.

आराखडा :

प्रथम परिपथाचा आराखडा तयार करावा. त्यासाठी कायकॅड हे मोफत संगणकीय साधन उपलब्ध आहे. दहा-बारा भागांचा साधा परिपथ असल्यास आलेख कागद व पेन्सिलही पुरेशी होते. उदाहरणादाखल १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी प्रमाणाबाहेर रिकामी होऊ न देणारा परिपथ घेता येईल. अशा बॅटरीचा दाब १०.८ व्होल्टच्या खाली वारंवार गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. सौरदिव्यांच्या बॅटऱ्या लवकर निकामी होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दाबाची तुलना करणारी एक आयसी, एक झेनर डायोड, एक प्रीसेट, एक रिले व काही रोधक एवढ्यावर हे काम होते आणि सर्व भाग हाताच्या तळव्याएवढ्या एकेरी पाटीवर मावतात.

पट्ट्यांची रुंदी मात्र अंदाजाने ठरवू नये. ३५ मायक्रॉन जाडीच्या थरावरील १ मिलिमीटर रुंदीचा पट्टा सुमारे २.४ अँपिअर प्रवाह वाहून नेतो आणि तेवढ्यात त्याचे तापमान साधारण १० अंशांनी वाढते. प्रवाह ५ अँपिअर असल्यास रुंदी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लागते. घरगुती पद्धतीत कडा थोड्या कुरतडल्या जातात. त्यामुळे हिशेबापेक्षा रुंद पट्टा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

छाप उतरवणे :

तांब्यावर ज्या जागी आवरण असेल तेथे रसायन पोहोचत नाही. आवरण देण्याची जुनी रीत म्हणजे कार्बन पेपरने आराखडा उतरवून त्यावर एनॅमल रंगाने वा न पुसल्या जाणाऱ्या मार्कर पेनाने रेघा ओढणे. एका पाटीसाठी ती आजही वाईट नाही. तथापि, आयसीच्या बारीक पायांसाठी हाताची रेघ पुरत नाही. तेथे टोनरची पद्धत उपयोगी पडते.

लेझर प्रिंटर व झेरॉक्स यंत्रातील काळी पूड ही मुळात प्लॅस्टिकची भुकटी असते. उष्णतेने ती वितळते आणि थंड झाल्यावर पृष्ठभागाला चिकटून राहते. गुळगुळीत चकचकीत कागदावर आराखडा गडद छापून घ्यावा. इंकजेट यंत्राची शाई पाण्यात विरघळत असल्याने येथे निरुपयोगी ठरते. तांब्याची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावी व नंतर तिला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे छाप सुटते. कागद छापील बाजू तांब्यावर येईल असा पालथा ठेवून तीन ते पाच मिनिटे गरम इस्त्री दाबून फिरवावी. इस्त्रीत पाणी अजिबात नसावे. वीज गेलेली असल्यास लाँड्रीतील कोळशाची इस्त्रीही चालते. तिचे वजन येथे उपकारकच ठरते. त्यानंतर पाटी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजत ठेवून कागद बोटाने हळूहळू चोळून काढावा. तुटलेल्या रेघा मार्करने जुळवून घ्याव्यात.

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत उलट-सुलट प्रतिमेमुळे होते. सुटे भाग वरच्या बाजूस व तांबे खालच्या बाजूस असते. संगणकावर खालचे तांबे वरून, जणू पाटी पारदर्शक आहे असे समजून, दाखवलेले असते. तेच चित्र जसेच्या तसे छापून पालथे ठेवले की तांब्यावर ते योग्य दिशेने उतरते. चित्र पुन्हा उलटवून छापल्यास आयसीच्या पायांचा क्रम आरशातल्यासारखा होतो आणि ही चूक बहुधा सर्व भाग बसवून झाल्यावरच ध्यानात येते. यावर सोपा उपाय असा की तांब्याच्या थरावर, तांब्याकडून पाहिल्यास सरळ वाचता येईल असे एक अक्षर ठेवावे. कागदावर ते उलटे दिसले तर पाटीवर सुलटे येईल. तांबे व भाग एकाच बाजूस असतील, तर मात्र छपाई उलटवून घ्यावी लागते.

एकाच नमुन्याच्या वीस-पंचवीस पाट्या हव्या असल्यास इस्त्रीचे श्रम व्यर्थ होत. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका व कापडी पिशव्या छापणारा स्क्रीन प्रिंटिंगचा कारागीर बहुधा असतो. आम्लात टिकणारी शाई दिल्यास तो हेच काम तासाभरात उरकू शकतो.

तांबे विरघळवणे :

या कामासाठी फेरिक क्लोराईड वापरतात. त्याचे दोन रेणू तांब्याच्या एका अणूशी संयोग पावून फेरस क्लोराईड व क्युप्रिक क्लोराईड तयार होते. यात वायू बाहेर पडत नाही, म्हणूनच घरगुती वापरास ते तुलनेने सोयीचे आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साईड यांचे मिश्रण अधिक जलद काम करते, पण त्यातून क्लोरीनसारखे घातक वायू निघतात. बंद खोलीत ते कदापि वापरू नये.

निर्जल फेरिक क्लोराईड पाण्यात विरघळताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. त्यामुळे पाण्यात भुकटी थोडी थोडी टाकावी. भुकटीवर पाणी ओतल्यास ते उसळून अंगावर येते. भांडे प्लॅस्टिकचे वा काचेचे असावे, कारण अ‍ॅल्युमिनियम व पोलाद या द्रावणात खाल्ले जाते. ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा अत्यावश्यक आहे. डोळ्यात थेंब गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. कपड्यांवर व फरशीवर पडलेला पिवळा डाग जात नाही, हेही सांगणे भाग आहे.

द्रावण कोमट, साधारण ४० अंश सेल्सिअस असावे. त्यासाठी भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवणे पुरते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तेवढीही गरज पडत नाही. भांडे सतत हलके डोलवत राहावे. दहा ते तीस मिनिटांत उघडे तांबे नाहीसे होते. पाटी अधिक वेळ ठेवल्यास आवरणाखालील कडाही झिजतात.

किती रसायन लागते याचा हिशेब उद्बोधक आहे. १० सेंटिमीटर लांब-रुंद पाटीवर सुमारे ३.१ ग्रॅम तांबे असते. त्याचे दोन-तृतीयांश विरघळवण्यासाठी सुमारे ११ ग्रॅम निर्जल फेरिक क्लोराईड खर्ची पडते. पट्ट्यांमधील रिकाम्या जागा तांब्यानेच भरून त्या ऋण अग्राला जोडल्या आणि केवळ एक-तृतीयांश तांबे काढले, तर निम्म्या रसायनात काम होते, वेळ वाचतो आणि टाकाऊ द्रावही निम्म्याने कमी होतो. आराखडा करणाऱ्याने घेतलेली ही काळजी पुढच्या सर्व पायऱ्यांवर उपकार करते.

छिद्रे, डाख व संरक्षण :

भागांच्या पायांसाठी ०.८ ते १ मिलिमीटरची छिद्रे पाडावी लागतात. हातातल्या ड्रिलला साध्या पोलादी बिट बसवाव्यात. कार्बाईडच्या बिट किंचित तिरपेपणानेही तुटतात. ग्लास एपॉक्सीची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने नाकावर मुखपट्टी असावी. त्यानंतर टोनर थिनरने पुसून लगेच डाख, म्हणजे सोल्डरिंग, करावे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला मिश्रधातू १८३ अंशांस वितळतो. त्यात शिसे असल्याने काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात तांब्यावर फिरवल्यास पावसाळ्यातील ओलाव्यापासून पट्टे सुरक्षित राहतात.

अशा पाटीवर घरातील २३० व्होल्टची वीज शक्यतो आणूच नये. झिजलेल्या कडा, राहून गेलेला तांब्याचा कण व दमट धूळ यांमुळे दोन पट्ट्यांतील अंतर नकळत पार होते. विजेसाठी तयार अ‍ॅडॉप्टर वापरून पाटी १२ व्होल्टपुरती मर्यादित ठेवणे हितावह आहे.

हल्ली आराखडा संगणकाद्वारे पाठवून कारखान्यातून पाट्या स्वस्तात मागवता येतात. बारीक पायांच्या आयसी, दुहेरी थर किंवा मोठी संख्या असेल तर तोच मार्ग चांगला. घरगुती पद्धत खरी कामाची ठरते ती एकच पाटी, साधा परिपथ आणि आजच लागणारी वस्तू, अशा प्रसंगी.

उरलेल्या द्रावाचा प्रश्न :

या छंदाची सर्वांत दुर्लक्षित बाजू म्हणजे वापरून झालेले हिरवट काळे पाणी. मासे व जलजीवांना तांबे अल्प प्रमाणातही विषारी असते. सिपना, गडगा, खापरा या मेळघाटातील नद्या तापीला मिळतात, आणि नाल्याकाठच्या विहिरीचे वा झिऱ्याचे पाणी पिण्यासाठी वापरणारी वस्ती या भागात कमी नाही. हे द्रावण मोरीत, नाल्यात वा शेताच्या बांधावर ओतणे म्हणजे दिवा लावताना विहीर नासवणे होय.

द्रावण मुळात एकदा वापरून टाकून देण्याचे नसते. झाकणबंद प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवून ते अनेक पाट्यांसाठी चालते. वेळ फार लागू लागला म्हणजे ते थकले असे समजावे. मग त्यात जुने लोखंडी खिळे टाकून एक-दोन दिवस ठेवावेत. स्टेनलेस स्टीलची घासणी येथे कामाची नाही. लोखंड विरघळते आणि तांबे तपकिरी गाळ होऊन खाली बसते. हा गाळ गाळून वेगळा ठेवावा. उरलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकावा, एकदम टाकल्यास फेस उतू जातो. फेस थांबला आणि लाल लिटमस कागद किंचित निळा झाला की आम्लता संपली. खाली बसलेला लोखंडाचा गाळही कापडातून गाळून वाळवावा. दोन्ही गाळ व गाळलेले पाणी स्वतंत्र बाटल्यांत भरून, त्यांवर नाव व दिनांक घालून, जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांबरोबर विल्हेवाटीसाठी द्यावे. एका वर्षाच्या छंदातून जमणारा वाळलेला गाळ बहुधा एका लहान डब्यात मावतो.