तुकडे थोडे, रचना अनेक

सुट्या भागांचं, ठरावीक मापाचं फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कार्यालयातली करडी कपाटं येतात. अशा पद्धतीत कलेला जागा कुठली, असं वाटणं साहजिक आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचं काम हा समज खोडून काढतं. चार्ल्स वास्तुशास्त्र शिकलेला, तर रे चित्रकार. हान्स हॉफमन यांच्याकडे तिने अमूर्त चित्रकलेचे धडे घेतले होते. १९४१ साली लग्न करून दोघं लॉस एंजेलिसला आली आणि राहत्या घरातच प्लायवूड साच्यात दाबून वळवण्याचे प्रयोग करू लागली. भाग सुटे केले म्हणून कला संपत नाही. ती भागांच्या मापात, प्रमाणात आणि सांध्यात उतरते, हे त्यांच्या पुढच्या कामातून दिसतं.

हे त्यांना साहित्यानेच शिकवलं. प्लायवूड एका दिशेने सहज वळतं, पण एकाच वेळी दोन दिशांना वळवायला गेलं की तडकतं. युद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी त्यांनी जखमी पायाला बांधायचे प्लायवूडचे आधार बनवले आणि त्यांत ठिकठिकाणी फटी ठेवल्या. त्यामुळे लाकडावरचा ताण मोकळा झाला, शिवाय बँडेज ओवायलाही जागा मिळाली. त्याच तंत्राने रेने प्लायवूडची शिल्पं घडवली. खुर्चीची पाठ आणि बैठक एकाच तुकड्यात करण्याचा प्रयत्न मात्र फसत राहिला. शेवटी त्यांनी दोन्ही वेगळी केली आणि रबराच्या चकत्या मध्ये घालून कण्यासारख्या पट्टीवर बसवली. टेकून बसलं की पाठ किंचित लवते ती या चकत्यांमुळे. जोड लपवलेला नाही, आणि पाठ व बैठक यांच्यामधल्या मोकळ्या जागेनेच त्या खुर्चीला तिचं रूप दिलं आहे.

१९४९ मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्सला स्वतःचं घर बांधताना त्यांनी कारखान्यात तयार मिळणारे पोलादी भाग वापरले. पोलाद आधीच मागवलेलं असताना आराखडा बदलला, तरी जवळपास तेवढ्याच सामानातून वेगळंच घर उभं राहिलं. काळ्या चौकटींत काच आणि रंगीत फळ्या अशा बसवल्या आहेत, की दर्शनी बाजू एखाद्या अमूर्त चित्रासारखी दिसते. १९५० मध्ये बाजारात आलेली त्यांची कपाटं याच घराची छोटी भावंडं: पोलादी अँगल, प्लायवूडच्या फळ्या, हार्डबोर्डचे रंगीत तक्ते. पुढच्याच वर्षी 'द टॉय' आलं. त्यातले चौरस आणि त्रिकोणी पडदे काड्यांना जोडले की मुलाला आत शिरता येईल एवढा मनोरा किंवा तंबू तयार होई.

यावर कुणी विचारेल, मांडणी ग्राहकानेच करायची तर कलावंत कोण? पण चौरस आणि त्रिकोण यांची बाजू एकाच लांबीची ठेवणं, कोणते रंग शेजारी आले तरी खटकणार नाहीत हे आधीच पाहणं, हे सगळे कलावंताचे निर्णय आहेत. ग्राहकाचं स्वातंत्र्य त्यांवरच टिकतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही कपाटं काही वर्षांतच बंद झाली. सर्वसामान्यांसाठी म्हणून केलेल्या या वस्तू आज संग्राहक चढ्या भावाने विकत घेतात. हे अपयश मान्य केलंच पाहिजे, मात्र ते किमतीच्या आणि विक्रीच्या गणिताचं आहे. खुर्च्या आजही तयार होतात आणि वापरल्या जातात.

एक अन्याय मात्र अजून पुरता निस्तरलेला नाही. १९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या फर्निचरचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकात फक्त चार्ल्सचं नाव होतं. प्रमाण आणि रंग यांतच ही कला असेल, तर त्या चित्रकार बाईचं नाव गाळून या कामाबद्दल बोलताच येत नाही. यापुढे 'ईम्स खुर्ची' म्हणताना दोघांचीही आठवण ठेवावी.