पारसिकच्या डोंगरात समुद्री सरीसृप का सापडत नाही?

मलंगगड, माहुली किंवा पारसिकच्या डोंगरावरून उतरताना दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, की दगड घरी येतो आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ‘जीवाश्म’ म्हणून फिरू लागतो. ही नक्षी बहुधा मँगनीजची असते. भेगांतून झिरपणारे पाणी ती दगडावर उमटवते. कांद्यासारखी सालपटे निघणारा गोल धोंडाही डायनोसॉरचे अंडे नव्हे, ती बेसाल्टची झीज.

ज्युरासिक काळातला खरा समुद्री सरीसृप हवा असेल, तर कच्छला जावे लागते. भुजच्या ईशान्येला लोडाई गावाजवळ मिळालेला इक्थिओसॉरचा जवळजवळ अखंड सांगाडा दिल्ली विद्यापीठाचे प्रा. गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जगापुढे मांडला. वय सुमारे १५ कोटी वर्षे. लांबी साडेपाच मीटर, म्हणजे लोकलच्या एका डब्याच्या जेमतेम पाव. याच गटातल्या १५ मीटरच्या थोराडांपुढे हा लहानखुराच. दात बरेच झिजलेले, तेव्हा खाणे कठीण कवचाचे असावे. रूप डॉल्फिनचे, पण जात सरपटणाऱ्यांची. श्वास घ्यायला हा प्राणी पाण्यावर येई आणि अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देई. पोटात पिल्ले असलेल्या माद्यांचे जीवाश्म जर्मनीत मिळाले आहेत.

आपल्याकडे अडचण तारखांची आहे. इक्थिओसॉर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच संपले. ठाणे-कल्याणच्या डोंगरांचा काळा पाषाण लाव्हातून तयार झाला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. जो प्राणी आधीच नाहीसा झाला, तो या दगडात येणार कुठून? आणि खाडीचा चिखल तर कालपरवाचा. त्यातले हाड बहुधा गुराचे निघते.

म्हणून आपल्या दगडात काहीच नाही, असेही नाही. लाव्हाचे दोन लोट येण्यामध्ये बराच काळ जाई, तेवढ्यात तळी साचत, जीव वस्तीला येत. वरळीच्या टेकडीत अशाच गाळात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. डायनोसॉर हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन! आज तो बेडूक ‘इंडोबॅट्राकस’ नावाने ओळखला जातो.

तेव्हा खाणीत किंवा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात नजर ठेवायची ती दोन काळ्या थरांमधल्या मातकट पट्ट्यावर. विटकरी लाल पट्टा असेल तर तो भाजलेल्या मातीचा, त्यात सहसा काही मिळत नाही. राखाडी, पापुद्र्यांचा गाळ असेल तर मात्र हातोडी खिशातच ठेवावी, शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा आणि महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना जागेसकट दाखवावा.