खेळ एक, यंत्रें तीन : कोणत्या यंत्रासाठीं घ्यावा?

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं हल्लीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलांनीं व्हिडिओ गेमचें नांव आधींच ठरविलेलें असतें. तो खेळ प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निंटेंडो स्विच या तिन्ही यंत्रांवर मिळतो, हेंही त्यांस ठाऊक असतें. मग तो घ्यावयाचा कोणत्या यंत्रासाठीं? येथें मुलांचे दोन तट पडतात. आणि पैसे देणारा वडील मनुष्य या तिहींतील भेद ठाऊक नसल्यामुळें दुकानदार सांगेल तें घेऊन मोकळा होतो. नव्या मोठ्या खेळाची किंमत चारपांच हजार रुपयांपर्यंत जाते. इतक्या मोलाची वस्तु इतक्या सहज निवडूं नये असें आम्हांस वाटतें, म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें डिंभें हें आंबेगांव तालुक्यांतील घोड नदीकांठचें गांव. येथील धरणाच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. याच जलाशयाखालीं जुनें आंबेगांव गेलें आणि तेथील कुटुंबांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. ज्यांचीं घरें राहिलीं त्यांचींही मुलें नोकरीच्या निमित्तानें पुणें, पिंपरी-चिंचवड, मुंबई आणि आतां परदेश अशीं पांगलीं आहेत. चूल एक राहिली नसली तरी सुटींत सर्व नातवंडें एका ओसरीवर जमतात, आणि खेळाचा प्रश्न तेव्हांच निकरास येतो.

आमच्या परिचयाच्या अशाच एका कुटुंबांत पुण्याच्या बिऱ्हाडीं एका कंपनीचें यंत्र आहे आणि परदेशाहून आलेल्या चिरंजीवांनीं दुसऱ्या कंपनीचें यंत्र गांवच्या घरीं ठेविलें आहे. पुण्याच्या मुलांनीं एक खेळ तेथील यंत्रासाठीं घेतला. पैसे ऑनलाइन भरले. चकती वगैरे कांहीं नव्हतीच. मे महिन्यांत सर्व मंडळी गांवीं जमली तेव्हां तो खेळ येथील यंत्रावर उघडेना. खेळाचें नांव तेंच, चित्रें तींच. परंतु एका यंत्रासाठीं घेतलेली प्रत दुसऱ्यास उपयोगी नाहीं, हें तेव्हां कळलें. अखेर तोच खेळ दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला. धाकट्यांचा हिरमोड झाला तो निराळाच, कारण पुण्यास तीन महिने खपून मिळविलेली प्रगति येथें शून्यावर आली होती.

प्रथम यंत्रांची ओळख करून घेऊं. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र नोव्हेंबर २०२० मध्यें निघालें आणि भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें. मायक्रोसॉफ्टचीं एक्सबॉक्स सीरीज एक्स व सीरीज एस हीं दोन यंत्रें १० नोव्हेंबर २०२० रोजीं बाहेर पडलीं. त्यांपैकीं एस स्वस्त, पण कमी शक्तीचें, आणि त्यांत चकती घालण्याची सोय नाहीं. निंटेंडोचें स्विच ३ मार्च २०१७ रोजीं आलें व त्याचा दुसरा अवतार ५ जून २०२५ रोजीं. तें हातांत धरूनही खेळतां येतें आणि दूरदर्शन-संचास जोडूनही. मात्र आपल्याकडे तें बहुधा परदेशाहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत मिळतें. म्हणून बिघडल्यास दुरुस्ती कोण करील, हें घेण्यापूर्वींच विचारून ठेवावें.

एकच खेळ तिन्ही यंत्रांवर कां निघतो, याचें उत्तर सोपें आहे. खेळ रचावयास वर्षानुवर्षें लागतात आणि एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांवर तो खर्च सहसा भरून निघत नाहीं. याचें उदाहरण आपल्या पुण्यांतच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनीं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' नांवाचा खेळ रचिला. असुरांनीं पळवून नेलेल्या गोलू नांवाच्या धाकट्या भावास सोडविण्यास राजी नांवाची मुलगी निघते, दुर्गा व विष्णु तिला साहाय्य करितात, आणि सर्व चित्रें पहाडी शैलीच्या वळणाचीं आहेत. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम स्विचवर आला. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांच्यासाठीं तो १५ ऑक्टोबरास आला. म्हणजे पुण्यांत रचिलेला खेळ पहिले दोन महिने ज्या यंत्रावर मिळत होता, तें यंत्र पुण्याच्या फारच थोड्या घरीं होतें! राजी हा एकट्यानें खेळावयाचा खेळ आहे. अशा खेळास सोबती लागत नाहीं. म्हणून जें यंत्र घरीं आहे त्यासाठींच तो घ्यावा, हें उघड आहे.

परंतु नांव एक म्हणून वस्तु एक, असें मात्र समजूं नये. 'सायबरपंक २०७७' हा खेळ (तो मुलांसाठीं नव्हे, अठरा वर्षांवरील माणसांसाठीं आहे) १० डिसेंबर २०२० रोजीं एकाच वेळीं अनेक यंत्रांवर निघाला. शक्तिमान् संगणकावर तो बरा चाले. पण प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर इतका अडखळे कीं सोनीनें आठवड्याभरांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतला व पैसे परत देण्याची तयारी दाखविली. तो पुन्हां विक्रीस आला जून २०२१ मध्यें. घरीं जुनें यंत्र असेल आणि खेळ नवा असेल, तर त्या यंत्रावरील प्रतीविषयीं लोक काय म्हणतात हें आठवडा-दोन आठवडे थांबून पाहावें. थांबल्यानें खेळ शिळा होत नाहीं, आणि किंमत बहुधा उतरते.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. "हा खेळ सर्व यंत्रांवर चालतो" या एका वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि बहुतेक फसगत त्यांची गल्लत केल्यामुळें होते.

पहिली गोष्ट, निरनिराळ्या यंत्रांवरील मुलांना एकमेकांबरोबर खेळतां येणें. ही सोय फार जुनी नाहीं. 'फोर्टनाइट' या खेळांत प्लेस्टेशनवरील खेळाडूंस एक्सबॉक्स व स्विचवरील खेळाडूंबरोबर खेळूं देण्यास सोनी राजी नव्हती. लोकांनीं ओरड केल्यावर सप्टेंबर २०१८ मध्यें तिनें तो दरवाजा उघडला. 'माइनक्राफ्ट'मध्यें प्लेस्टेशन ४ वरील मुलें इतर यंत्रांवरील मुलांस मिळालीं तीं डिसेंबर २०१९ मध्यें.

दुसरी गोष्ट, मिळविलेली प्रगति एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतां येणें. फोर्टनाइटमध्यें ती खात्याबरोबर जाते. माइनक्राफ्टमध्यें मुलांनीं एका यंत्रावर बांधलेलें जग आपोआप दुसऱ्यावर जात नाहीं. कित्येक खेळांत ही सोय मुळींच नसते.

तिसरी गोष्ट, एकदां पैसे दिल्यावर तोच खेळ दोहींकडे आपला असणें. ही सर्वांत दुर्मिळ. मायक्रोसॉफ्टनें २०१६ पासून कांहीं खेळांपुरती अशी सोय केली आहे कीं, तिच्या दुकानांतून एकदां घेतलेला खेळ एक्सबॉक्सवर व विंडोजच्या संगणकावर असा दोहींकडे चालतो. ज्या घरीं हीं दोन्ही आहेत त्यांनीं याचा अवश्य लाभ घ्यावा. पण प्लेस्टेशनसाठीं घेतलेला माइनक्राफ्ट स्विचवर चालणार नाहीं; तेथें पुन्हां पैसे भरावे लागतील. वर सांगितलेल्या कुटुंबानें पहिल्या गोष्टीची जाहिरात वाचली आणि तिसरी गृहीत धरली.

येथें मालकीचा प्रश्न येतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेंत विज्ञानेश्वरानें वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच मानिला, आणि २००५ च्या कायद्यानें तो मुलीसही मिळाला. सोंगट्यांचा पट किंवा सावंतवाडीची गंजिफा घरांत आली कीं ती सर्वांची, आजोबांमागें नातवंडांची. ऑनलाइन घेतलेल्या खेळाचें तसें नाहीं. तो मिळकत नसून वापरण्याचा परवाना असतो, आणि परवाना एकाच्या खात्याशीं बांधलेला असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें तर २०२५ पासून विक्रेत्यांस बंधन घातलें आहे कीं, परवानाच देत असाल तर तसें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगा. 'द क्रू' नांवाचा मोटारशर्यतीचा खेळ त्याच्या कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं आपले सर्व्हर बंद करून संपविला. चकती घरांत असलेल्यांसही तो पुढें खेळतां आला नाहीं. निंटेंडोच्या वी यू व थ्रीडीएस या जुन्या यंत्रांचें ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजीं नव्या खरेदीस बंद झालें.

म्हणून जेथें चकती मिळते तेथें चकतीच घ्यावी, असें आमचें मत आहे. ती चुलतभावास देतां येते, खेळून झाल्यावर विकतां येते, आणि पुण्याहून डिंभ्यास पिशवींतून आणतां येते. मात्र दोन्ही घरीं त्याच जातीचें व चकतीची सोय असलेलें यंत्र हवें. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल प्रकारांत ही सोय नसते. पण २०२३ च्या अखेरीस आलेल्या बारीक घाटाच्या यंत्रास तो भाग मागाहून जोडतां येतो. स्विच २ च्या कांहीं खेळांच्या कार्डांत मात्र खेळ नसून केवळ किल्ली असते. कार्ड घातल्यावरही सर्व खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. वेष्टनावर तसें छापलेलें असतें, तें वाचून घ्यावें.

ऑनलाइनच घ्यावयाचा झाला तरी एकत्र कुटुंबास थोडी सोय आहे. प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स या दोहींतही खातेदारास एक यंत्र 'घरचें' म्हणून नेमतां येतें. त्या यंत्रावर मग घरांतील इतरांसही आपापल्या खात्यावरून ते खेळ खेळतां येतात. स्विचवर एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून कुटुंबांतील दुसऱ्या खात्यास खेळ दोन आठवड्यांपुरता उसना देतां येतो. म्हणून खेळ ज्या त्या मुलाच्या खात्यावर विखरून न घेतां घरांतील एका जबाबदार वडील माणसाच्या खात्यावर घ्यावेत आणि त्याची नोंद वहींत ठेवावी. चुलत भावंडांतील निम्मे तंटे तेवढ्यानें मिटतील.

खेडेगांवच्या घरानें आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मोठे खेळ पन्नास ते शंभर गिगाबाइटांचे, कित्येक त्याहूनही मोठे असतात. डोंगराआड जेथें फोनला रेंज येतजात असते तेथें ते उतरवून घेण्यास रात्रीमागून रात्री जातात. अशा ठिकाणीं चकतीचा उपयोग दुप्पट. वीज गेली असतां प्लेस्टेशन व एक्सबॉक्स बंद पडतात. स्विच मात्र आपल्या बॅटरीवर कांहीं तास चालतें. आणि विकतचे खेळ ऑनलाइन सोबत्यांबरोबर खेळावयाचे तर तिन्ही कंपन्यांची वर्गणी निराळी भरावी लागते. फुकट मिळणाऱ्या बहुतेक खेळांस ती लागत नाहीं. खेळाच्या किमतींत ही वर्गणी मिळवूनच हिशेब करावा.

एवढें पाहिल्यावर निवड अवघड राहत नाहीं. खेळ एकट्याचा आहे कीं सोबतीचा, हें प्रथम विचारावें. एकट्याचा असेल तर घरीं असलेल्या यंत्रासाठीं, आणि शक्यतों चकतीवर घ्यावा. दोन यंत्रें असतील तर ज्या यंत्रावर तो चांगला चालतो त्यासाठीं. सोबतीचा असेल तर सोबती कोठें आहेत तें पाहावें. सर्व यंत्रांवरील मुलांस एकत्र खेळतां येत असेल तर आपलें यंत्र कोणतेंही चालेल. येत नसेल तर भावंडांकडे जें आहे त्याचीच प्रत घ्यावी, मग दुसऱ्या यंत्रावर चित्रें थोडीं अधिक सुबक दिसत असलीं तरी हरकत नाहीं.

मुलें चित्रांच्या रेखीवपणाविषयीं तासन्‌तास वाद घालतात. त्या वादांत वडील माणसांनीं पडूं नये. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं, घेतलेला खेळ सुटींत जमलेल्या सर्व भावंडांच्या हातीं जाईल. विशेषतः मोठ्यांच्या पाठीमागें उभें राहून आपली पाळी केव्हां येईल याची वाट पाहणाऱ्या धाकट्याच्या हातीं. परदेशांतील नातू आणि येथील नात एकाच डावांत बसूं शकत असतील, तर ती संधि केवळ चुकीच्या यंत्रासाठीं प्रत घेतल्यामुळें दवडूं नये. येत्या सुटीपूर्वीं कुटुंबांतील सर्व घरीं मिळून कोणकोणतीं यंत्रें आहेत याची एक यादी करावी, आणि मगच दुकानाची वाट धरावी, अशी आमची गृहस्थ व गृहिणी दोघांसही विनंति आहे.