विश्लेषण : बोटाचा ठसा ‘१०० टक्के’ जुळला, असे म्हणता येते का?

गुन्हा कुणी केला, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ सांगू शकत नाही. पुरावा कोणत्या बाजूला किती झुकतो, एवढेच तो सांगू शकतो. हा फरक विसरल्याची किंमत अमेरिकेतील वकील ब्रँडन मेफील्ड यांनी मोजली.

मेफील्ड प्रकरण काय होते?

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतील बॉम्बस्फोटांत १९० हून अधिक जण ठार झाले. डिटोनेटर असलेल्या पिशवीवर एक ठसा मिळाला. एफबीआयच्या संगणकाने त्याच्याशी मिळतेजुळते २० ठसे काढून दिले. चौथा मेफील्ड यांचा. तज्ज्ञांनी तो ‘१०० टक्के’ त्यांचाच ठरवला. ठसा जुळत नाही, असे स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच कळवले होते. तरीही ६ मे रोजी अटक झाली. न्यायालयाने मान्य केलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही एफबीआयचीच री ओढली! अखेर स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन व्यक्तीचा असल्याचे सांगितले आणि २० मे रोजी मेफील्ड सुटले. २००६ मध्ये सरकारने २० लाख डॉलर भरपाई दिली. कोट्यवधी ठशांच्या साठ्यात शोध घेतला, की योगायोगाने सारखा दिसणारा ठसा हाती लागण्याचा धोका वाढतोच.

मग तज्ज्ञाने काय सांगावे?

ठसा संशयिताचा असेल तर इतके साम्य दिसण्याची शक्यता किती आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर किती? या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे ‘लाइकलीहूड रेशो’, सांगावे, असे युरोपातील प्रयोगशाळांच्या संघटनेची २०१५ची मार्गदर्शिका म्हणते. पण आकडाही फसवतो. समजा, एखादी डीएनए जुळणी दहा लाखांत एकाशी होते. एक कोटीच्या शहरात अशी सुमारे दहा माणसे निघतील. म्हणजे ‘आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक’ हे वाक्य साफ चूक. शिवाय प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल हजारात एकदा जरी होत असेल, तर दहा लाखांच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

वाद कशावर आहे?

गुणोत्तरही गृहीतकांवर बेतलेले असते. गृहीतके बदलली तर ते किती हलते, हेही न्यायालयापुढे मांडावे, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’मधील दोन संख्याशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सुचवले. अनिश्चितता गुणोत्तरात आधीच सामावलेली असते, तिला पुन्हा वेगळी कक्षा कशाला, असा दुसऱ्या गटाचा सवाल आहे. ‘१०० टक्के खात्री’चा दावा मात्र २०१८ पासून अमेरिकेच्या न्याय विभागाने आपल्या ठसेतज्ज्ञांना वर्ज्य केला आहे.