तात्या विंचू आणि त्याची दोन पिढ्यांची माणसं

लेखमाला : पडद्यासमोरची माणसं (भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण सिनेमा चालणं आणि सिनेमा उरणं यातला फरक पाहिला. चाललेला सिनेमा तिकीटबारीवर मोजता येतो. उरलेला सिनेमा लोकांच्या तोंडी असतो. आमच्या औशात आजही एखादं लेकरू रुसून कोपऱ्यात बसलं आणि डोळे वटारायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "आला बघा तात्या विंचू." असं म्हणणाऱ्यानं सिनेमा कुठं पाहिला, किती वेळा पाहिला, हे कुणी विचारत नाही. अशा सिनेमाला हल्ली 'कल्ट' म्हणतात. त्याचा दुसरा भाग येतो तेव्हा जुन्या चाहत्यांत आणि नव्यानं आलेल्यांत ओढाताण का सुरू होते, ते आज पाहू.

'झपाटलेला' १९९३ साली आला. दिग्दर्शक महेश कोठारे, नायक लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या. तात्या विंचू हा गुंड गोळी लागून मरताना मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो आणि पुढं लक्ष्याच्याच शरीराच्या मागे लागतो. बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराची कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमातली, पण रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्याची भंबेरी यांनी ती इतकी आपली करून टाकली की मूळ सिनेमाचं नाव आजही अनेकांना ठाऊक नाही.

वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' आला. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा. बाहुला तोच, बाहुल्यामागचे हात पाध्यांचे, आवाज प्रभावळकरांचा, महेश जाधव या पोलिसाच्या भूमिकेतही कोठारेच. लक्ष्या मात्र नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले होते. म्हणून गोष्ट लक्ष्याच्या मुलाची, आदित्यची झाली आणि तो झाला आदिनाथ कोठारे.

या दोन सिनेमांच्या मधल्या वीस वर्षांत काय झालं, ते कळल्याशिवाय चाहत्यांचं भांडण कळत नाही.

मी 'झपाटलेला' पहिल्यांदा पाहिला तो १९९५ च्या गणपतीत, किल्लारीजवळ मामाच्या गावी. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं निजली होती. त्यानंतर दोन वर्षं झाली तरी मामाकडची मंडळी पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती. पक्क्या घरांची कामं चालू होती. त्या वर्षी पोरांनी वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. शेडच्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत दोन टेबलं जोडून त्यावर टीव्ही ठेवला. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि आम्ही लेकरं अगदी पुढं, मान वर करून.

कॅसेट झिजलेली होती. तात्या विंचू बाहुल्यात शिरतो नेमका त्या जागी पडद्यावर पांढरा पट्टा यायचा आणि आवाज बसायचा. व्हीसीआरवाला पोरगा ट्रॅकिंगच्या बटणावर बोट ठेवूनच बसलेला. पहिल्या रात्री सगळेच नवे होते. बाहुला पहिल्यांदा उठला तेव्हा माझी मामी पदर तोंडात धरून मागं सरकली, आणि लक्ष्या घाबरून पळाला तेव्हा तीच मामी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिला तसं हसताना मी भूकंपानंतर पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या रात्री लोकांनी पुन्हा तीच कॅसेट लावायला सांगितली. आता आम्ही लेकरं जाणकार झालो होतो. शेजारच्या वस्तीतून नवी माणसं आली होती आणि आम्ही त्यांना सगळं आधीच सांगत होतो : आता बघा बाहुला उठतो, आता बघा बोलतो. तेव्हा मागून एक म्हातारबा ओरडले, "गप बसा की रं! ज्यानं बघितलं न्हाई त्याला बघू द्या की." आम्ही एका रात्रीत जुने झालो होतो आणि दुसऱ्या रात्री नव्यांच्या वाटेत बसलो होतो. आज जे मी मांडणार आहे त्याची सुरुवात त्या ओरडण्यात आहे.

जुना चाहता म्हणजे तरी कोण? १९९३ साली पुण्यामुंबईत ज्यांनी थिएटरात हा सिनेमा पाहिला त्यांच्या हिशेबानं मी दोन वर्षं उशिरा आलेला, कॅसेटवाला. माझ्यानंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर 'झपाटलेला' पाहणारी पिढी तयार झाली. तिला पहिल्या अर्ध्या तासाशी फारसं घेणं नव्हतं. चॅनल बदलता बदलता जिथून लागेल तिथून ती पाहायची. त्यानंतरच्यांनी तो मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिला. या चौघांनाही सिनेमा पाठ आहे, पण प्रत्येकाला वेगळा भाग पाठ आहे. म्हणजे जुना आणि नवा ही दोन गावं नाहीत. एकाच रांगेत कोण कुठं उभा आहे एवढाच प्रश्न आहे, आणि प्रत्येकाला आपल्या मागचा उशिरा आलेला वाटतो.

तरी दुसरा भाग आला की रांगेचं भांडण होतंच, आणि त्याचं कारण साधं आहे. दोघं वेगळ्या गोष्टीचे भुकेले असतात. जुन्याला ओळखीची खूण हवी असते : तोच आवाज, तेच बोलणं, तीच चाल. नव्याला गोष्ट हवी असते, आणि ती पहिल्यापासून समजेल अशी हवी असते. खूण जास्त झाली की नवा बाहेर राहतो, कारण त्याच्यासाठी ती नुसती एक ओळ असते आणि भोवतालची माणसं का टाळ्या वाजवतात ते त्याला कळत नाही. गोष्ट फार सोडवून सांगितली की जुना जांभया देतो. दिग्दर्शकाला एकाच दोन तासांत दोन्ही पंक्ती वाढायच्या असतात.

'झपाटलेला २' मी पुण्यात पाहिला, भावाच्या मुलाबरोबर. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. पहिला भाग त्यानं टीव्हीवर तुटक-तुटक पाहिलेला. डोळ्यांवर काळा चष्मा लावून तो खुर्चीच्या टोकाशी बसला होता. वस्तू अंगावर आली की हात पुढं करायचा, मकरंद अनासपुरे बोलले की खिदळायचा. मी मात्र प्रत्येक प्रसंगात लक्ष्याची रिकामी जागा शोधत होतो. मध्यंतरात त्यानं विचारलं, "काका, तुम्ही हसत का नाही? आणि तो लक्ष्या म्हणजे नक्की कोण होता?"

हा प्रश्न मला लागला. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याचं चुकलं काय होतं? बेर्डे गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. 'धूमधडाका', 'दे दणादण', 'थरथराट' ही त्याच्यासाठी नुसती नावं. माझ्या मामीचं हसणं त्यानं पाहिलेलं नाही आणि ते कुठल्याही थ्रीडी चष्म्यातून त्याला दिसणार नाही. मी दुसऱ्या भागाकडून सिनेमा मागतच नव्हतो, मी १९९५ ची ती रात्र मागत होतो. ती द्यायची जबाबदारी कोठारे यांची नव्हती.

सिनेमा म्हणून विचाराल तर माझं मत असं की दुसऱ्या भागात बाहुला फार छान चालतो, भीतीही बऱ्यापैकी वाटते, पण थ्रीडी दाखवण्याच्या नादात माणसांना पुरेसा वेळ मिळत नाही. पहिल्या भागात बाहुल्याची भीती लक्ष्याच्या चेहऱ्यावरून आपल्यापर्यंत यायची. दुसऱ्यात ती पडद्यातून थेट आपल्या अंगावर येते. पुतण्यानं नंतर घरी पहिला भाग सलग पाहिला आणि म्हणाला, "सुरुवात लांब आहे, पण लक्ष्या घाबरला की मला जास्त भीती वाटते." जाणत्या समीक्षकानं सांगावं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

तात्या विंचूच्या अमेरिकी भावकीत हेच भांडण आणखी जोरात झालं. 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकी बाहुल्याला पहिल्यापासून ब्रॅड डूरिफ या नटाचा आवाज. २०१९ मध्ये तो सिनेमा नव्यानं काढला तेव्हा आवाज बदलला, मार्क हॅमिल आले, आणि मंत्राऐवजी बाहुल्यातलं यंत्रच बिघडतं अशी गोष्ट केली. चकीचा मूळ लेखक डॉन मॅन्सिनी त्यात नव्हता. त्यानं २०२१ पासून स्वतःची मालिका काढली, डूरिफच्याच आवाजात. एका बाहुल्याची दोन घराणी झाली. आपल्याकडे २०१३ मध्ये आवाज आणि हात दोन्ही जुनेच ठेवले, त्यामुळे तशी वाटणी झाली नाही. या निर्णयाचं श्रेय कोठारे यांना द्यायलाच हवं.

मराठीत इतरांनी वेगळ्या वाटा काढल्या. 'दे धक्का' २००८ चा, दुसरा भाग २०२२ चा. त्यात पहिल्या भागातली लेकरं मोठी झालेली दाखवली. जुन्या प्रेक्षकाला आपलंही वय वाढल्याची खूण मिळाली. 'नवरा माझा नवसाचा' एसटीतून गणपतीपुळ्याला निघाला होता, २०२४ चा दुसरा भाग कोकण रेल्वेत बसला. अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झाले. पहिला भाग न पाहिलेल्या माणसालाही त्या गाडीत चढता येतं.

पण मला सगळ्यात शहाणपणाची वाट 'तुंबाड'ची वाटते. सिनेमा हिंदी असला तरी माती कोकणातली, आणि प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. पुढं सहा वर्षं तो एकानं दुसऱ्याला सांगत पसरला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो थिएटरात पुन्हा लावला आणि या वेळची कमाई पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. दुसऱ्याच्या आधी पहिला पुन्हा लावला, म्हणजे नव्यांना दारातून आत घेतलं. मूळ दिग्दर्शक राही बर्वे दुसऱ्या भागात नाहीत, म्हणून जुने चाहते अस्वस्थ आहेत, आणि ती अस्वस्थता मला रास्त वाटते. ज्याच्या डोळ्यांनी ते जग उभं केलं तोच नसेल तर प्रश्न विचारणं हा चाहत्याचा हक्क आहे. 'मी २०१८ साली रिकाम्या थिएटरात पाहिला, तू आत्ता आलास' असं दुसऱ्या प्रेक्षकाला म्हणणं हा मात्र हक्क नाही.

चाहत्यांच्या प्रेमाचा हिशेबही नीट करायला हवा. 'ब्लेड रनर' हा इंग्रजी सिनेमा १९८२ मध्ये पडला, पुढं कॅसेटवर लोकांनी डोक्यावर घेतला. पस्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, दुसरा भाग आला. जाणकारांनी वाखाणला, तरी गल्ल्यावर अपेक्षेएवढा चालला नाही. जीव लावणारी माणसं आणि तिकीट काढणारी माणसं यांची संख्या एक नसते. म्हणून निर्मात्याला नव्यांकडे पाहावंच लागतं, आणि जुन्यांनी त्याला लबाडी समजू नये.

आमच्या औशाला नाथ संस्थानामुळे भजन-कीर्तनाची मोठी सवय आहे. औसेकर महाराजांचं चक्रीभजन दूरवर माहीत आहे. कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना ते पन्नासदा ऐकून पाठ असतं, आणि त्यांच्याच मांडीवरचं नातवंड पहिल्यांदा ऐकत असतं. बुवा गोष्ट पहिल्यापासून सांगतात. 'ते माहिती आहे, पुढं चला' असं कुणी म्हणत नाही. सिनेमाचा दुसरा भाग म्हणजे आख्यान पुन्हा लावणं नव्हे, त्यात नवी भर असते, त्यामुळे ही तुलना मी फार ताणणार नाही. पण पाठ असलेल्यानं न ऐकलेल्याशेजारी कसं बसावं, ते आपल्याला तिथं केव्हाच शिकवलेलं आहे.

एका बाबतीत मात्र मी जुन्यांच्या बाजूनं ठाम उभा आहे. आज यंत्राच्या मदतीनं गेलेल्या नटाचा चेहरा पडद्यावर आणता येतो. २०१६ च्या 'रोग वन' या इंग्रजी सिनेमात, १९९४ साली गेलेले नट पीटर कुशिंग यांचा चेहरा तसा आणलाच होता. लक्ष्याच्या बाबतीत असं कुणी करू नये. त्याचं घाबरणं त्याच्या अंगातून यायचं, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. चेहरा उसना आणता येईल, ते घाबरणं येणार नाही, आणि पुतण्यासारख्या नव्या प्रेक्षकाला वाटेल की लक्ष्या एवढाच होता. जुन्यांना एकच गोष्ट राखायची असेल तर त्यांनी ती रिकामी जागा राखावी.

पुढच्या भागात आपण व्हिडिओ हॉल आणि तिथं पाच रुपयांत सिनेमा पाहणारी माणसं यांच्याकडे वळू. तोवर एक करा. घरात 'झपाटलेला' न पाहिलेलं लेकरू असेल तर या रविवारी त्याला पहिला भाग लावून द्या, त्याच्या शेजारी बसा, आणि बाहुला केव्हा उठतो ते आधी सांगू नका.